भाकर करणाऱ्याचा घास

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. माझी आई म्हणायची, हिला देवानं दोन कान दिले ते पुरले नाहीत, म्हणून हिनं भिंतीचेही वापरायला काढले. त्यामुळे लग्न होऊन बेकरीवाल्यांच्या घरात आले आणि प्रभुभोजनाच्या पहिल्याच रविवारी जे दिसलं, ते दिसलंच नाही असं करणं मला काही जमलं नाही.

आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. बेकरीत ज्याला आम्ही पाव म्हणतो त्यालाच चर्चमध्ये भाकर म्हणतात. एकच मोठी गोल भाकर असते. पाळकसाहेब ती सगळ्यांसमोर मोडतात आणि तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरतं. रीत अशी की आपला तुकडा घ्यायचा, मग ताट हातात धरून शेजारच्यापुढे करायचं. स्वतःसाठी स्वतः कुणी ताट धरत नाही. ही भाकर माझे सासरे करतात, फार वर्षांपासून. आणि त्या रविवारी सासूबाईंनी ताट त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी ते घेतलं आणि तुकडा न उचलता तसंच माझ्या नवऱ्यापुढे केलं. द्राक्षरसाच्या पेल्यांचंही तेच. ताट आपल्यापुढे नसेल तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. माझे उघडे होते, हा माझा गुन्हा कबूल.

म्हटलं, दात दुखत असेल. पुढच्या महिन्यात पाहिलं, तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात मी चक्क मान वळवून बसले. तेच! ज्यानं भाकर केली तोच उपाशी.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते तसंच करतात."

"पण का?"

"लहानपणापासून बघतोय."

"अरे पण का?"

"तूच विचार त्यांना," असं म्हणून तो झोपला. या माणसाला कुतूहल म्हणून नाही! बेकरीला आग लागली तरी आधी चहा संपवेल.

सासूबाईंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मीही नवी असताना विचारलं होतं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तू घे, माझं राहू दे. मग पोरं झाली, त्यांची दुखणीखुपणी आली. राहून गेलं."

राहून गेलं! नवरा शेजारी बसून आयुष्यभर ताट पुढे सरकवतो आणि ह्यांचं राहून जातं. मी मात्र नाद सोडला नाही. घरी बाबा, म्हणजे सासरे, काय खातात ते बघू लागले. म्हटलं, कदाचित बेकरीवाले स्वतःचा पाव खात नसतील. छे. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेतला एक पाव ते उलटा करून बोटानं वाजवतात, कानाशी धरतात, मग मोडून कडेचा तुकडा तोंडात टाकतात आणि डोळे बारीक करून चावतात. मीठ चिमूटभर कमी असलं तरी मुलाला हाक मारतात. म्हणजे पावाशी वैर नव्हतं. पाळकसाहेबांशीही नव्हतं, त्यांच्याशी तर तासन्‌तास गप्पा चालायच्या. देवावर रुसलेत म्हणावं, तर पहाटे भट्टीपाशी गुडघे टेकून प्रार्थना करणारा घरात हा एकच माणूस.

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. बाबांचा सख्खा धाकटा भाऊ न्हावी आहे. त्याचं दुकान आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि बाबा केस कापायला जायचे बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका अशा माणसाकडे की ज्यानं कापलेले केस बघून मला वाटायचं, ह्यांच्या डोक्यावरून शेळी चरून गेली. भांडण म्हणावं तर तेही नाही. काका सणासुदीला घरी यायचे, जेवायचे, मोठमोठ्यानं हसायचे. दोघे भाऊ बोलायचे ते उकाड्याबद्दल आणि रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. चर्चमध्ये काका शेवटच्या बाकावर बसायचे आणि भाकर अशी दोन्ही हातांनी घ्यायचे, जणू वाढदिवसाची भेट मिळाली.

हे सगळं नुसतं कुतूहल होतं तोवर ठीक होतं. पण या वर्षी बाबांची छाती बिघडली.

आधी खोकला, मग धाप, मग रात्र रात्र उशीला टेकून बसणं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, जन्मभर नाकातोंडात गेलेलं पीठ आता ह्यांच्या अंगाला सोसत नाही. पिठाच्या खोलीत पाऊलही ठेवायचं नाही. बाबांनी मुकाट्यानं मान हलवली. बेकरी माझ्या नवऱ्याकडे आली, गल्ल्यावर मी बसू लागले. आम्हाला वाटलं, म्हातारा शहाणा निघाला.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीचा शनिवार उजाडला, दुपारी बेकरी रिकामी झाली, तसे बाबा नाकातोंडाला ओलं फडकं बांधून आत गेले आणि आतून कडी लावली. प्रभुभोजनाची भाकर! ती ते नेहमी एकट्यानं करत, दार लावून. बाहेर आले ते भिंत धरत. पायरीवर बसले आणि खांदे वरखाली, वरखाली. ओठ निळे पडलेले. दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या, वाचले. डॉक्टरीणबाई माझ्या नवऱ्यावर इतक्या भडकल्या की तो बिचारा शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर इथं आणायलाही वेळ मिळणार नाही, लिहून ठेवा."

तरी पुढचा महिना जवळ आला तसे बाबा जेवताना म्हणाले, "परवा बारीक लाकडं आणून ठेव रे. भाकर करायची आहे."

"मी करतो ना, बाबा," नवरा म्हणाला.

"ते माझं काम आहे."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?"

"महिन्यातून एकदाच तर."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी, नवरा ताटाकडे बघतोय, आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "बाबा, जी भाकर तुम्ही तोंडात घालत नाही, ती करण्यासाठी मरायचं कशाला?"

सुनेनं असं बोलायचं नसतं, ठाऊक आहे मला. बाबांनी घास खाली ठेवला. रागावले नाहीत. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अगं, खायची लायकी नाही, म्हणून तर करतो." आणि हात धुवायला उठले.

लायकी नाही? ह्या माणसाची? उरलेला पाव कधी दुसऱ्या दिवशी ताजा म्हणून विकला नाही ह्यांनी. गल्लीतल्या कुत्र्यालाही हाड म्हणताना ज्यांना वाईट वाटतं, त्यांनी असं केलं तरी काय? त्या रात्री मी नवऱ्याला झोपू दिलं नाही, पण त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं. मग मला काकांचं दुकान आठवलं, आणि ती शेळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावाची पिशवी घेऊन मी काकांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. काका आरशासमोरच्या खुर्चीत स्वतःच बसून पेंगत होते. मला बघून म्हणाले, "या सूनबाई. काय, मिशी कोरायची?"

"काका, थट्टा नको. बाबा तुमच्याकडे केस का कापत नाहीत?"

काकांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "एवढंच विचारायला आलीस?"

"नाही. ते भाकर का घेत नाहीत, हेही. आणि ते उद्या मरायला निघालेत, त्याचं काय करायचं तेही." आणि मी सगळं सांगितलं. पायरी, निळे ओठ, लायकीचं बोलणं. सांगता सांगता रडायलाच आलं मला.

काकांनी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. म्हणाले, "आमची जुनी बेकरी जळाली होती, ते ऐकलंयस ना?"

ऐकलं होतं. घरात तो किस्सा सगळ्यांना पाठ होता. भट्टीतले निखारे ओढून लोखंडी पिंपात भरायचे आणि पिंपाला झाकण लावायचं, हे काम आळीपाळीनं दोघा भावांकडे. त्या दिवशी काकांचं होतं. काका झाकण न लावता सामना बघायला गेले. ठिणगी उडून रिकाम्या पोत्यांवर पडली आणि अर्धी बेकरी गेली. माझ्या आजेसासऱ्यांनी धाकट्या मुलाला बेकरीतून हाकललं ते कायमचं. म्हणून काका न्हावी झाले.

"सगळं खरं आहे," काका म्हणाले, "एवढं सोडून, की दादा मला म्हणाला होता, जा तू सामन्याला, झाकण मी लावतो. आणि विसरला."

मी मांडीवरची पावाची पिशवी खाली ठेवली.

"वडिलांनी विचारलं, आज झाकणाचं काम कुणाचं? ठरल्याप्रमाणे माझंच होतं. मी म्हटलं, माझं. आणि दादाकडे बघितलं. मला वाटलं आता तो बोलेल, आता बोलेल. तो भिंतीकडे बघत उभा राहिला." काकांनी कंगवा उचलला, पुसला, परत ठेवला. "मला पाव करायला फार आवडायचं गं. दादापेक्षाही जास्त."

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोलण्यात काय अर्थ होता? त्यानं बोलायला हवं होतं. पुढे किती वर्षं मी जळत होतो म्हणून सांगू! कुणाच्याही गळ्यावर वस्तरा ठेवला की मला दादाचा गळा दिसायचा. गिऱ्हाइकांचं नशीब थोर."

"मग?"

"मग एका रविवारी भाकरीचा तुकडा हातात होता, आणि एकदम माझंच मला दिसलं. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. माझं काय काय देवानं पोटात घातलंय, ते तुला सांगितलं तर तू ह्या खुर्चीतून उठून जाशील. म्हटलं, मी इथं रोज माफी खाऊन जगतो आणि भावाला मात्र कोरडा ठेवतो? सुटलं ते. खरंच सुटलं. वडील गेले, त्यानंतर दादा इथं आला. बेकरीची किल्ली ह्या फळीवर ठेवली आणि म्हणाला, तू घे, मी निघतो. मी म्हटलं, दादा, किल्ली नको, मी केव्हाच माफ केलंय. द्यायचंच असेल तर एक दे. मला पाव करायला शिकव."

"आणि ते?"

"भडकला! म्हणाला, माझी थट्टा करतोस? त्याला वाटलं होतं मी मारीन, शिव्या देईन, निदान किल्ली तरी घेईन. काहीतरी शिक्षा हवी होती बघ त्याला, आणि माझ्याकडे शिल्लक नव्हती. तेव्हापासून माझ्या खुर्चीत बसला नाही. शिक्षा मग त्यानं स्वतःच शोधून काढली, ती तू सांगतेयस ती."

मी तिथंच बसून विचार करत होते. पाळकसाहेब दर वेळी सांगतात, कृपा फुकट मिळते. आम्ही सगळे माना डोलावतो. पण आमचं घर दुकानदाराचं. फुकटची वस्तू दिसली की आधी वास घेऊन बघणारी माणसं आम्ही. बाबा भाकरी करकरून ती विकत घ्यायला निघाले होते, आणि देव काही केल्या विकत नव्हता. ज्यानं दार उघडं ठेवलंय त्याच्याच दाराबाहेर हा माणूस हट्टानं बसून राहिला होता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"काका, उद्या दुपारी दुकान बंद ठेवाल?" मी विचारलं.

"कशाला?"

"ते शिकायचं राहिलंय ना तुमचं."

शनिवारी दुपारी बाबा ओलं फडकं पिळत आले, तर बेकरीच्या दारात मी उभी आणि माझ्यामागे काका, अंगावर न्हाव्याचाच पांढरा झगा. नवरा आणि सासूबाई अंगणात उभे, काय चाललंय ह्याचा त्यांना पत्ता नाही. काकांनी मला सांगितलेलं मी कुणाजवळ बोलले नव्हते. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, ते माझं मलाच ठाऊक. पण ते बोलायचं तर बाबांनीच.

"आज भाकर काका करणार," मी म्हटलं.

"त्याला काय येतं?" बाबा गरजले, आणि गरजल्याबरोबर खोकले. "बाजूला हो."

"नाही होणार. आत जायचंच असेल तर मला उचलून बाजूला ठेवा. तेवढा दम आहे का छातीत?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, अगं!" पण त्यांचा आवाज काही फार रागाचा नव्हता.

काका पुढे आले. "दादा, मला काहीच येत नाही. म्हणून तर बाहेरून सांग. तुझ्याकडे एकच मागितलं होतं, ते अजून राहिलंय."

बाबा भावाकडे बघत राहिले. हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. मग त्यांनी खिडकीबाहेर पडलेलं खोकं उलटं केलं, त्यावर बसले आणि भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "आधी पीठ चाळून घे म्हणावं."

पीठ चाळताना मी खिडकीची काच लावून घेतली. बाबा बाहेरून हातवारे करत होते आणि आत मी दुभाषी. काकांचे हात वस्तऱ्याला सरावलेले. पीठ मळायला लागले तर असे हलक्या बोटांनी, जणू कुणाच्या डोक्याला तेल लावतायत. बाबांनी काचेवर थाप मारली. "जोर लाव! झोपवतोयस का त्याला?" मग "मीठ!" असं ओरडले. काकांनी मीठ घातलं. पीठ ओलं होऊन धूळ बसल्यावर मी काच उघडली. बाबांनी मान आत घालून पुन्हा विचारलं, "मीठ?" काकांनी आज्ञाधारकपणे पुन्हा मूठभर घातलं. माझं लक्ष भट्टीकडे होतं, नाहीतर ओरडलेच असते.

गोळा फुगत ठेवला. काका घामाघूम, नाकावर पीठ, पण चेहरा बघावा तर लहान पोराचा. बाबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

मग निखाऱ्यांची वेळ आली. भट्टी तापली की निखारे ओढून बाहेर काढायचे, तळ ओल्या फडक्यानं पुसायचा आणि उतरत्या आचेवर भाकर ठेवायची. नवऱ्यानं आत येऊन खोरं काकांच्या हातात दिलं. काकांनी लालभडक निखारे ओढले, पिंपात भरले, आणि खोरं टेकवून उभे राहिले. पिंप उघडंच. झाकण भिंतीला लावून ठेवलेलं. मला वाटलं विसरले. आता मात्र वाटतं, त्यांना हातच लावता येईना त्या झाकणाला.

बाहेर खोकं खडखडलं. बाबा दारातून आत आले, फडकं न बांधता. मी "बाबा!" म्हणून ओरडले, त्यांनी ऐकलं नाही. पिठाच्या खोलीतून सरळ पिंपापाशी गेले, झाकण उचललं, पिंपावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"हे काम माझं," ते म्हणाले. "त्या दिवशीही माझंच होतं."

"कोणत्या दिवशी?" नवऱ्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं असेल त्यानं.

"जुनी बेकरी जळाली त्या दिवशी. ह्याला मीच पाठवलं होतं सामन्याला. झाकण मी लावतो म्हटलं आणि विसरलो. वडिलांनी विचारलं तेव्हा गप्प राहिलो. नंतरही गप्प राहिलो. ते गेले तोवर गप्प राहिलो." धाप लागत होती, तरी थांबेनात. "ह्याचं आयुष्य मी खाल्लं."

सासूबाई दारात आल्या होत्या, त्या पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, "भाऊजी घरी आले की मी त्यांच्यापुढून आगपेटी उचलून ठेवायचे. थट्टेनं. इतकी वर्षं. आणि तुम्ही हसायचात."

"हसायचो," बाबा म्हणाले, आणि तिथंच, निखाऱ्यांच्या पिंपापाशी, लहान मुलासारखे रडायला लागले.

काकांनी पिठाच्या हातांनीच त्यांना धरून अंगणात नेलं, पायरीवर बसवलं. नवऱ्यानं तोंडात फवारायचं औषध दिलं. हळूहळू धाप बसली. काका शेजारी बसून त्यांची पाठ चोळत होते. बाबा म्हणाले, "आता तरी बोल काहीतरी मला."

"बोलतो ना," काका म्हणाले. "भट्टी निवतेय, दादा. भाकर कधी घालायची ते सांग."

रविवारी ती भाकर मेजावर बघून माझा जीव खालीवर झाला. एका बाजूनं फुगलेली, दुसऱ्या बाजूनं बसलेली, मध्ये उललेली, खाली करपलेली. पाळकसाहेब नेहमीसारखे मोडायला गेले तर मोडेना. त्यांनी जोर लावला, मग आणखी जोर लावला. कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं. शेवटी कडकन मोडली आणि कवचाचा एक तुकडा उडून पाळकीणबाईंच्या मांडीवर पडला.

काका त्या दिवशी शेवटच्या बाकावर नव्हते. ते आमच्या बाकावर, बाबांच्या पलीकडे बसले होते. त्यामुळे ताट आधी त्यांच्याकडे आलं. त्यांनी तुकडा घेतला, खाल्ला, जरासे थबकले आणि ताट बाबांपुढे धरलं.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे, आणि ह्या वेळी शेजारी सासूबाईंचेही उघडे.

बाबांचे हात ताट घ्यायला पुढे आले. इतक्या वर्षांची सवय. ताट घ्यायचं आणि पुढे सरकवायचं. पण काकांनी ताट सोडलं नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं, आणि काका नुसते वाट बघत होते. बाबा ताटातल्या तुकड्यांकडे बघत राहिले, ओबडधोबड, करपलेल्या, न्हाव्यानं केलेल्या. त्यांच्या कष्टाचं त्यात काही नव्हतं. देऊन टाकायला, फेडायला, हातात काहीच उरलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, घ्या हो, घ्या, घ्या, आणि ती बहुधा माझी त्या वर्षातली सगळ्यात खरी प्रार्थना होती.

त्यांनी एक हात सोडला आणि तुकडा उचलला. तोंडात घातला. सवयीनं डोळे बारीक केले, चावला, आणि चेहरा असा काही झाला की माझ्या तोंडून हुंदका निघाला का हसू, मलाच कळलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते चावत होते. मांडीवर पडलेला चुरासुद्धा त्यांनी बोटानं टिपून तोंडात घातला.

मग ते काकांकडे झुकले. त्यांना वाटलं हळूच बोलतोय, पण कान जरा जड झालेत त्यांचे, दोन बाकांना तरी ऐकू गेलं असेल.

"मीठ दोनदा घातलंस."

"तू दोनदा म्हणालास."

"पुढच्या महिन्यात एकदाच घाल," बाबा म्हणाले. मग मानेवरून, त्या शेळीनं चरलेल्या केसांवरून हात फिरवला आणि जरा थांबून विचारलं, "उद्या दुकान उघडं आहे का तुझं?"

काकांनी ताट माझ्या सासूबाईंपुढे करायला बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुझ्यासाठी बंद कधी होतं, दादा?"